कानमाय

सकाळी सिंदी मेघेतल्या माझ्या वर्कशॉपात चहा घेता घेता मापांची वही चाळली आणि कप तसाच खाली ठेवला. गावातली ती जुनी तोफ तोंडापासून बत्तीच्या भोकापर्यंत बाहेरून बासष्ट इंच. आत सळई जाते एक्कावन्न इंच. उरलेल्या अकरा इंचांपुढे काल मी लिहिलं होतं, 'माती असेल'. गाढवच मी. ठासलेली दारूही असू शकते. कोरडी राहिली असेल, तर अजून पेटेल.

आणि आज शुक्रवार.

आतली दारू पेटवायच्या या बत्तीच्या भोकाला जुने गोलंदाज कान म्हणत. गोलंदाज गेले, शब्द राहिला, आणि गावच्या बायांनी त्याची देवी केली. लेकराचा कान दुखला की कानमायच्या कानाला शेंदूर लावायचा, शुक्रवारी त्यावर कापूर जाळायचा. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तोफ दुरुस्तीचं काम मिळालं तसा मी दोन दिवस खपून तो बोटभर शेंदूर खरवडला, तार घालून भोक मोकळं केलं, वर ऐटीत फोटो काढला. इतकी वर्षं कापूर आणि दारूच्या मधे तेवढा शेंदूरच होता.

पुजारीण शकुबाई नऊला कापूर लावते. पावणेनऊ झाले होते. ग्रामपंचायतीचा शिपाई लहानू फोन उचलेना. मी गाडी काढली. सावंगीच्या दवाखान्यासमोर ऑटोवाल्यांनी रस्ता अडवलेला. दिसेल त्याला शिव्या घालत निघालो.

पोचलो तेव्हा तोफेवर ज्योत होती. मी धावत जाऊन जळता कापूर हातानेच झटकला.

"काऊन विझवला?" शकुबाई म्हणाली.

मी भोक शोधलं. भोक नव्हतंच. ताजा शेंदूर, काठोकाठ.

"हे कोणी भरलं?"

"मीच भरला. तुमी कान उघडा टाकून गेलते. वारा घुसून राह्यला होता. उघडा कान दुखते, भाऊ."

भाजलेला हात पोटाशी धरून मी खालीच बसलो, आणि मला रडू आलं. मग पोलिसांना फोन लावला. पथक पाठवतो, तोवर माणसं दूर ठेवा, ते म्हणाले.

"चल माय, इथून लांब."

"नाई. तुमच्या हातानं शेंदूर निघाला थोडा. तो भरा पयले, मंग येतो."

तिने वाटी पुढे केली. मी बोट बुडवून शेंदूर कानात ठासला.

"अजून दाबून," ती म्हणाली.

मी दाबला.