साहेबाची सही

अरे, रूपेशची रजा कशी पास झाली माहितीय? थांबा, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरेन.

रूपेश म्हणजे आपला इथला, आखातातल्या मंगफचा एसी मेकॅनिक, मूळ देवगडकडचा. त्याचा साखरपुडा दोनदा पुढे गेलेला. शेवटी ठरलेल्या मुलीच्या, जुईलीच्या वडलांनी फोनवर ऐकवलं, "पंधरा तारखेला आलात तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो." आणि रजेचा अर्ज? तो दोन महिने दीनानाथ सरांच्या ड्रॉवरमध्ये! सर पुण्याचे, अॅडमिन मॅनेजर. रूपेश दारात दिसला रे दिसला की, "प्रोसेसमध्ये आहे हं!"

तेवढ्यात कंपनीकडे जवळच्या अहमदी गावातला एक जुना बंगला आला, तेल कंपनीच्या गोऱ्या साहेबांच्या वेळचा. लगेच ठरलं, शुक्रवारी पाहुण्यांना एकोणीसशे बावन्न सालातला एक दिवस जसाच्या तसा करून दाखवायचा. साहेब चहा कसा प्यायचा, नोकर कसे धावायचे, सगळं. साहेब कोण? दीनानाथ सर! खाकी हाफपॅन्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, तोंडात न पेटवलेला पाइप. आणि नोकर? पांढरा कोट, डोक्याला फेटा... रूपेश!

खोलीवर त्याचा पार्टनर महादेव हसून हसून लोळला. "आणि इंग्रज खंयचो?"

"पुण्याचो."

"मगे तुका तालीम कित्याक व्हयी? शुक्रवारची सुटी सोडून रोज तू ह्याच तर करतंस!"

तालमीत सर कार्यक्रम बसवणाऱ्या ताहिरा मॅडमना हिंदीत समजावत होते, "त्या काळी नोकराला कोणी नावाने हाक मारायचं नाही." आणि लगेच मागे वळून, "ए एसीवाला, वो पंखा देख!" मॅडमनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "फार नैसर्गिक आलं, हे ठेवा."

शेवटचा सीन सरांनी स्वतः सुचवला. साहेब कडक, पण मनाचा मोठा. नोकर रजा मागतो, साहेब जागच्या जागी सही करतो. टाळ्या!

"सर, कागद कुठला आणू?" रूपेशने विचारलं.

"आण रे कुठलाही."

कुठलाही! रूपेशची ट्यूब अशी पेटली की विचारू नका!

शुक्रवारी हॉल गच्च. पहिल्या रांगेत खुद्द जीएम. घंटा वाजली, रूपेश धावला. पुन्हा वाजली, पुन्हा धावला. एका इंजिनिअरची पोरगी स्वरा जोरात ओरडली, "मम्मी, धिस अंकल फिक्स्ड अवर एसी!"

"शूः! आत्ता तो इतिहास आहे."

मग आला शेवटचा सीन. रूपेशने ट्रे पुढे केला. त्यावर चहाचा कप, कागद आणि पेन. "साहेब, गावाक... गावी जायचंय. माझा साखरपुडा आहे. तीस दिवस द्या."

तालमीत सात दिवस ठरलेले! सरांनी कागद बघितला. रजेचा खराखुरा फॉर्म! वर कंपनीचा लोगो, खाली रूपेशच्या इथल्या सरकारी ओळखपत्राचा, सिव्हिल आयडीचा नंबर. पेन हवेत थांबलं. पाइप मांडीवर पडला. पडद्यामागून ताहिरा मॅडम कुजबुजल्या, "सही, सर, सही!" जीएम तर खुर्चीच्या टोकावर.

सर करणार काय? मनाचा मोठेपणा त्यांनीच सुचवलेला ना! केली सही.

टाळ्यांचा कडकडाट! जीएम इतके खूश की उठून स्टेजवरच आले. म्हणाले, "वंडरफुल! आम्ही आजही आमच्या माणसांना असंच जपतो." आणि फोटोसाठी पेन घेऊन खालच्या रिकाम्या चौकटीत स्वतःची सही ठोकली. 'फायनल अप्रूव्हल'ची चौकट ती!

पडदा पडला तसे सर धावले. "रूपेश! अरे, ते नाटक होतं!"

रूपेश जागीच उभा राहिला. दोन वर्षांत सरांनी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

"होय सर," तो कागद घडी करत म्हणाला, "पण तारीख मी आजचीच घातलीय."

मंगफच्या बसमध्ये चढला तरी फेटा डोक्यावर तसाच. आधी फोन लावला देवगडला.