राधाकिशनचं दुखणं पाहिलेली दुर्बीण

दुर्बीण म्हटलं की तुमच्या माना चांदण्यांकडे वळतात, नाही का मित्रांनो? मी त्या घराण्यातली नव्हे. मी पेन्सिलीएवढी बारीक, टोकाला दिवा असलेली जुनी दुर्बीण आहे. बीडच्या एका दवाखान्यात माणसांच्या शरीरात डोकावण्यात माझं आयुष्य गेलं. दूरच्या कारखान्यात माझी काच घासली गेली आणि मी मोठ्या तोऱ्यात इथं आले. "चाकू लावायच्या आधी हिला विचारा," असं डॉक्टर अभिमन्यू सगळ्यांना सांगायचे. कौतुक ऐकून मीही जरा शेफारले होते.

राधाकिशन आला आणि माझा तोरा उतरला.

राधाकिशन आणि छबुबाई हे धर्मापुरीकडचं नवं जोडपं ऊसतोडीला गेलं होतं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक बसला की दुसऱ्याचंही काम थांबतं. एकदा मागं ओझं जास्त झालं, उसाची बैलगाडी उलाळली आणि वर उसळलेलं जू राधाकिशनच्या जांघेत बसलं. वृषणाला, म्हणजे गोळीला, जबर मार लागला. ऊसतोडीच्या टोळीतले हसतील म्हणून पठ्ठ्यानं ब्र काढला नाही. पाठीत उसण भरलीय, एवढंच बायकोला सांगितलं आणि ऊस तोडत राहिला. पुढं तापानं उसाच्या फडातच कोसळला, तेव्हा कुठं त्याला दवाखान्यात आणलं.

सूज एवढी होती की सोनोग्राफीत काही उमगेना. गोळीत जीव असेल तर शिवायची, नसेल तर काढायची, आणि ते मी पाहून सांगायचं होतं. इवल्याशा छेदातून मला आत सरकवलं. लाल रंग दिसावा म्हणून मी किती आसुसले होते! दिसलं ते काळं. मला खोटं दाखवता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

भूल कंबरेखालीच होती, त्यामुळे राधाकिशन जागा होता. "कावून लपवलंस रे?" डॉक्टर म्हणाले. "त्याच दिवशी आला असतास तर टाके घालून वाचवली असती."

"लाज वाटली, साहेब. दुसरी तर बरी हाय ना?"

"ती चांगली हाय. ही काढावी लागंल."

त्यानं तोंड फिरवलं. छबुबाईला दारात बोलावून डॉक्टरांनी सारं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "मला पाठ म्हनले हो. मी रोज तव्यावर फडकं तापवून पाठच शेकीत बसले."

मित्रांनो, ते ऐकून माझी काच भरून आली.

आता पडद्यावर चित्र दाखवणारी नवी दुर्बीण आली आहे. माझी काच धुरकटली, मी कपाटात पडून असते. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण खेळताना, सायकलवरून पडताना तुम्हाला तिथं, जांघेत, मार लागला, तर त्याच दिवशी घरी सांगा. आणि दुसऱ्या कुणाला लागला, तर त्याला हसू नका. त्या हसण्याला भिऊनच माणूस गप्प बसतो, आणि मग ते काळं आम्हाला पाहावं लागतं.