डोंगराच्या दाराला कुलूप

उद्या मक्याची पेरणी, आणि आज आमच्याच गुहेला कुलूप! सांगा, संतापू नको तर काय करू?

पेरणीच्या आदल्या दिवशी माझे बाबा, क्रिसांतो तिउल, गुहेत जाऊन डोंगराची परवानगी मागतात. राळ जाळायची आणि बेचाळीस घरांची नावं, शेतांसकट, मोठ्यानं सांगायची. त्याशिवाय गावात कुणी पेरणीची काठी जमिनीत खुपसत नाही.

पण आता गुहा बघायला पर्यटक येतात, म्हणून तोंडाशी फाटक बसवून कुलूप घातलंय; तिकीट असेल त्यालाच उघडतात. बाबांना घेऊन गेले, तर फाटकाशी उभा कोण, तर आमच्याच माया गावचा सेबेरो चोक, गाईडची खाकी टोपी घालून! तोंड वर करून पर्यटकांना सांगत होता, "पूर्वी इथे माया लोक पूजा करत. आता ते राहिले नाहीत."

"अरे मेल्या, मग माझे बाबा काय भूत आहेत?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"लिंदाताई, हळू. मॅनेजर बघतोय," तो कुजबुजला आणि बाबांकडे वळला. "काका, धूर नाही चालत हो. चुनखडीचे सुळके काळे पडतात."

"आणि तुमच्या रंगीत दिव्यांनी भिंतीवर शेवाळ चढलंय, ते चालतं वाटतं?" मी म्हटलं.

तेवढ्यात मॅनेजर आलाच. राजधानीतून आलेला, चकचकीत बुटांचा. "तिकीट काढा, बघा आणि निघा. आग नाही म्हणजे नाही!"

बाबा फाटकासमोर, ऐन वाटेत, मांडी घालून बसले आणि राळ पेटवली. डोंगराला इथूनही ऐकू जाईल म्हणाले. एकेक नाव सुरू झालं. कुणाला आत जाता येईना, की बाहेर पडता येईना. बरी खोड मोडली!

"चोक, उचल या म्हाताऱ्याला!" मॅनेजर खेकसला. "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

आणि सेबेरोनं खरंच बाबांचा दंड धरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी मान वळवली नाही.

"सेबेरो चोक," ते डोंगराला सांगत होते, "ओढ्यापलीकडचं उताराचं शेत. चार लेकरं आहेत. त्याचं कणीस भरू दे."

आमच्यात आपलं नाव घेतलं जात असताना माणूस उभा राहत नाही. सेबेरोचा हात सुटला. त्यानं टोपी काढली आणि गुडघे टेकले.

"बहिरा झालास का? उचल म्हणतो ना!"

"थांबा साहेब," सेबेरो म्हणाला, "माझं नाव चाललंय."