जुनी सूज

तीन दिवस अवकाळी पाऊस झोडपून गेला आणि फुटलेला कापूस झाडावरच कुजला. चौथ्या दिवशी ऊन पडलं तसा सगळ्या शिवारातून कुबट वास सुटला. दिपमाला सकाळपासून काळी पडलेली बोंडं वेचत होती. काळ्या मातीचा गारा चिकटून पाय मणाचे झाले होते, आणि ओटीपोटात नेहमीची कळ उठली होती. तेवढ्यात बांधावरून सासूची, प्रमिलाबाईची, हाक आली.

"ते ऱ्हाऊ दे वं. डॉक्टर उना शे. म्हैसले धराले ये."

गोठ्यात तिचा नवरा प्रेमराज म्हशीच्या गळ्याखाली खाजवत उभा होता. म्हैस व्यायल्याला वर्ष होत आलं होतं. त्यानंतर ती तीनदा माजावर आली, तीनदा रेडा दाखवला, पण गाभण काही राहिली नाही. ढोरांचा डॉक्टर कुंदन खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवत होता.

"वहिनी, शेपटी बाजूले धरा," तो म्हणाला.

त्यानं हात घातला, आत चाचपलं आणि हळूच बाहेर काढला. हातामागोमाग पिवळट, घट्ट पूची तार लोंबत आली आणि फरशीवर पडली. सगळा गोठा वासानं भरला. प्रेमराजनं तोंड फिरवलं. दिपमालानं फिरवलं नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता. रोज मोरीत आपली कापडं धुताना ती याच वासापायी श्वास कोंडून धरायची.

"पिशवीले सूज शे," कुंदन म्हणाला. "आजनी नही, जुनी. मागला वेळले व्यायनी तवय जार कोनी काढी?"

"मीच," प्रेमराज म्हणाला. "पडे नही, म्हनीसन हात घालीसन ओढी लिधी."

"हात धुयेल व्हता का?"

प्रेमराज म्हशीच्या शिंगाकडे पाहत राहिला.

"मंग तिना काय दोष? घान तू घाली, भोगी ती ऱ्हायनी. आतलं अस्तर खराब व्हयेल शे. तठे गर्भ टिकाव नही, कितलाबी रेडा दखाड."

प्रमिलाबाईनं चुलीवरचं कोमट पाणी आणलं. म्हशीची शेपटी, मांड्या, सगळं तिनं आपल्या हातानं धुतलं. मनगटापर्यंत हात पूनं भरला, पण तिच्या कपाळाला आठी पडली नाही. "कितलं सोसं तू, मन्ही माय," ती म्हशीला म्हणत होती.

"दोन महिना रेडा दखाडू नका," कुंदननं सांगितलं. "औषध पुरं करा. मंग दखू."

"नही दखाडाव," प्रेमराज म्हणाला. "तिले तरास नको."

दिपमाला शेपटी धरून ऐकत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. दुसऱ्या वर्षी दिवस गेले, तिसऱ्या महिन्यात अंगावरून जाऊ लागलं. तालुक्याला न्यायचं सोडून प्रेमराजनं तिला बाजारच्या गावी भिकनकडे नेलं. भिकन सलाईन लावायचा, इंजेक्शन द्यायचा, त्याच्या पाटीवर डिग्री नव्हती. मागच्या खोलीत, लाकडी बाकड्यावर, बादलीतल्या गढूळ पाण्यातून काढलेल्या हत्यारांनी त्यानं तिची पिशवी साफ केली. आठ दिवस ती तापानं फणफणली. ताप उतरला, पण दुखणं गेलं नाही. नवरा जवळ आला की दात आवळून पडून राहायचं, एवढंच तिला जमायचं. पुन्हा दिवस गेले नाहीत.

मग दिवस राहावेत म्हणून एका अंगारेवाल्या बाबाचं औषध सुरू झालं. दर अमावस्येला बोकडाच्या पित्तात कालवलेली राख, पेलाभर. पहिल्या वेळी ती ओकली, तर प्रमिलाबाईनं दुसरा पेला भरून आणला, ओकलेला धरत नाहीत म्हणून. गावात कुणाच्या सुनेची ओटी भरायची असली की दिपमालाला बोलावणं येत नव्हतं. आणि पाच वर्षांत तुला कुठं दुखतं, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आज म्हशीची मात्र विचारपूस झाली होती.

कुंदन हात धुवायला मोरीवर आला, तेव्हा तिनं पाणी ओतता ओतता विचारलं, "भाऊ, बाईमानूसले बी असं व्हस का?"

तो हसला नाही. म्हणाला, "व्हस वहिनी. मी ढोरना डॉक्टर, माले जास्त इचारू नका. पन जुनी सूज ऱ्हायनी ते बाईले बी दिन जातस नही. देवपूरमा बायकांना डॉक्टरबाई शेतस. तठे दखाडा."

"कोनले दखाडानं?" प्रमिलाबाई गोठ्यातून म्हणाली. "तिले काय व्हयनं? ढोरना डॉक्टरले असं इचारतस का? लाज नही वाटस तुले?"

दिपमालानं तांब्या खाली ठेवला. "आत्याबाई, माले बी असाच वास येस. पाच साल व्हयनात. भिकननी पिशवी साफ करी तवयपासून. पोट दुखस आनि अंगवरथून हाईच जास."

प्रमिलाबाईचा एक हात अजून म्हशीच्या पूनं भरलेला होता. ती एक पाऊल मागं सरली आणि दुसऱ्या, कोरड्या हातानं तिनं पदर नाकाला लावला.

प्रेमराजनं डॉक्टरकडे पाहिलं. "कुंदनभाऊ, चहा लेशी ना?"

पाच वर्षं दिपमालाला स्वतःच्या अंगाची किळस येत होती. अंघोळ करून झाली तरी ती अंगावर राहायची. त्या घडीला ती किळस तिच्या अंगावरून उतरली आणि समोर उभ्या असलेल्या सासू-नवऱ्यावर जाऊन बसली. चहा ठेवायला ती घरात गेली, तेव्हा तिला कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास घेता आला.

चार दिवसांनी अमावस्या होती. प्रमिलाबाई पेला घेऊन आली. दिपमालानं तो हातात घेतला, अंगण ओलांडून उकिरड्यापाशी गेली आणि उपडा केला.

"मंग पोर कसं व्हई?" सासू विचारत राहिली.

"ह्यानी बी व्हयनं नही ना," ती म्हणाली आणि पेला घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती एकटी देवपूरला गेली. पांझरा नदीचा पूल ओलांडून दोन गल्ल्या चालल्यावर दवाखाना सापडला. कामिनी डॉक्टर वयानं तिच्याएवढीच असेल. तिनं तपासलं, सोनोग्राफी केली, आतलं पाणी तपासायला पाठवलं. ओटीपोटावर हात दाबला तेव्हा दिपमाला कण्हली, तर डॉक्टरनं लगेच हात उचलला. एवढ्याशा गोष्टीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पिशवीला आणि दोन्ही नळ्यांना जुनी सूज आहे," डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. "साफ करताना आत घाण गेली, तिचा संसर्ग तसाच राहिला. अशी सूज वर्षानुवर्षं राहिली की नळ्या आतून चिकटतात. बीज पुढं सरकत नाही. सरकलं तरी पिशवीच्या अस्तरात रुजत नाही. इतकी वर्षं कुठं दाखवलं नाही?"

"बाबाचं औषध चालू होतं," दिपमाला म्हणाली. सांगताना तिला स्वतःचाच राग आला.

"आधी तुमचं दुखणं थांबवू. मुलाचं मी आज काहीच सांगू शकत नाही. आणि नवऱ्यालाही या गोळ्या घ्याव्या लागतील. नाहीतर त्यांना गेलेला संसर्ग पुन्हा तुम्हाला होईल."

गोळ्यांची पुडी तिनं रात्रीच्या जेवणाला प्रेमराजच्या ताटाशेजारी ठेवली.

"माले काय व्हयनं?" तो म्हणाला. "मी धडधाकट शे."

"तू गोळ्या लेशी नही, तवलोंग मी धाकली खोलीमा झोपसू."

"लोके काय म्हनतीन?"

"म्हैसले दोन महिना रेडापाईन लांब ठेवी ऱ्हायना तू. तवय लोके काही म्हनतस नही."

पाच दिवस तो धुसफुसला. सहाव्या दिवशी गोळी गिळली. चौदा दिवस पाण्याबरोबर साध्या गोळ्या घ्यायच्या होत्या, पण रोज तो असं तोंड करायचा की जणू विषच घेतोय. प्रमिलाबाई त्याला वरून गूळ द्यायची. दिपमाला भाकरी थापत पाहत असायची. त्या पित्ताच्या पेल्यावर तिला कधी कुणी गुळाचा खडा दिला नव्हता. सासूनं तिची बादली आणि टॉवेल मात्र वेगळा काढून ठेवला.

गोळ्या संपल्या, तरी ती धाकल्या खोलीतच झोपत राहिली. प्रेमराजला वाटायचं, हेही डॉक्टरनंच सांगितलं असेल.

हळूहळू वास गेला. मग कळही गेली. माघात ज्वारी काढताना ती दुपारपर्यंत वाकून राहिली आणि आपल्याला काही दुखलं नाही, हे तिला घरी आल्यावर आठवलं. फाल्गुनात डॉक्टरनं नळ्यांची तपासणी केली. या वेळी प्रेमराजही मोटारसायकलवर सोबत आला होता. नवा शर्ट घालून.

"सूज उतरली आहे," कामिनी डॉक्टर म्हणाली. "उजवी नळी कायमची बंद झालीय. डावी उघडी आहे. खात्री देत नाही, पण प्रयत्न करायला आता हरकत नाही."

"मग लगेच करू डॉक्टर," प्रेमराज म्हणाला. "तुम्ही सांगा तसं."

"मी त्यांना विचारतेय," डॉक्टर म्हणाली.

दिपमालानं तपासणीचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला. "आत्ता नको," ती म्हणाली. "वाटलं तर मी येईन."

परतताना पुलाच्या अलीकडे प्रेमराजनं गाडी बाजूला घेतली आणि तो उतरला. उन्हानं पांझरा पार आटली होती. पात्रात इथंतिथं हिरवी डबकी उरली होती.

"तू असं काब्र सांगं?" त्यानं विचारलं. "सात साल व्हयनात. मायनी कितलं कर्यं तुन्हाकरता. मी गोळ्या खाद्या. आते पोर व्हवानी येळ उनी, ते नको म्हनस?"

"डॉक्टरबाईनी माले इचारं."

"मंग कवय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही.

"माले तुन्ही किळस येस," ती म्हणाली. "ती जाई तवय सांगसू. नही गयी, मंग ते बी सांगसू."

मागून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. प्रेमराज गाडीची किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला, जणू त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. दिपमालानं पदर डोक्यावर घेतला.

"चाल," ती म्हणाली. "ऊन व्हई ऱ्हायनं."