काळवंडलेल्या दाताची जबानी

मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीत, नाकाच्या बरोबर खाली दोन रुंद दात असतात, त्यांतला डावीकडचा. मी जागेवर आहे, चावतो, उभा राहतो, पण माझ्यात जीव नाही. मी किडून मेलो नाही. मला मारण्यात आले.

मित्रांनो, दाताला जीव असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते. बाहेरून आम्ही दगडासारखे दिसतो. आत मात्र मऊ गर असतो, त्यात रक्त खेळते आणि एक नस असते. ही सगळी मंडळी मुळाच्या टोकाशी असलेल्या केसाएवढ्या वाटेने आत येतात. माझी मालकीण रांगत होती तेव्हा मी तिच्या जबड्याच्या हाडात घडत होतो. ती शाळेत जाऊ लागल्यावर दुधाच्या दाताला ढकलून मी बाहेर आलो. माझी कड तेव्हा करवतीसारखी होती. खाऊन खाऊन ती सरळ झाली.

मला कौतुक भरपूर मिळाले. तिचे वडील म्हणायचे, "हिला हसू द्या रे, दिवा लावायला नको." ती खळखळून हसायची आणि सगळ्यात आधी मी दिसायचो. पुढे ती चष्म्याच्या दुकानात लागली. गिऱ्हाइकाच्या कानांवर काड्या बसवायच्या, नाकावरची पट्टी नीट करायची, मग आरसा धरून हसायचे, हे तिचे काम. तिच्या हसण्याकडे बघून लोक स्वतःच्या चेहऱ्यावर खूश व्हायचे.

मग लग्न झाले. नवरा मोटारींच्या काचा बसवायचा. त्याचा हात काचेवर फार हलका चालायचा, असे त्याची गिऱ्हाइके सांगायची. घरी त्याने आधी ताट भिंतीवर फेकले. नंतर खुर्ची दारावर. भिंत झाली, दार झाले, मग तिचा नंबर लागला. दंड, पाठ, मांडी, म्हणजे कपड्याखाली झाकले जाईल तिथेच तो मारायचा. तोंडाला त्याने कधी हात लावला नव्हता.

एका दुपारी ती थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होती आणि हसत होती.

"कोणाशी एवढं खिदळतेस?"

"अहो, ताई आहे."

"माझ्यावरच हसताय ना दोघी?"

उत्तराची त्याने वाट पाहिली नाही. टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची बाटली होती. ती सरळ माझ्यावर येऊन आदळली. मध्ये फक्त ओठ होता, तो माझ्या कडेवर फाटला. मी मागे वाकलो, पुन्हा सरळ झालो. पण मुळाशी येणारी नस आणि रक्तवाहिनी तटकन तुटली. आत सांडलेल्या रक्ताला बाहेर पडायला वाट नव्हती. ते माझ्या भिंतींतल्या बारीक नळ्यांत मुरत गेले.

बर्फ त्यानेच आणला. तिच्या ओठावर धरून म्हणाला, "अगं, मी भिंतीवर मारली होती. तू मध्ये आलीस. बघ, दात शाबूत आहे, उगाच रडू नकोस."

मी शाबूत दिसत होतो, हे खरे. साधा टवकासुद्धा उडाला नव्हता. काही दिवस मी गुलाबीसर होतो, मग मळकट झालो, आणि काही महिन्यांत पाटीसारखा करडा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चहा, कॉफी, तंबाखू यांचे डाग वरून बसतात आणि ते सगळ्या ओळीवर थोडेफार सारखे पडतात. डॉक्टर ते घासून काढतात. वय वाढले की सगळेच दात पिवळसर होतात, लहानपणीच्या काही औषधांनी पट्टे उमटतात. पण शेजारचे सगळे उजळ आणि मधला एकच दात करडा असेल, तर बहुतेक वेळा रंग आतून आलेला असतो. तो घासून जात नाही.

तिला हे कोण सांगणार? तिने मला लिंबू आणि मीठ लावून घासले. कोळशाची पूड चोळली. माझ्यावरचे चकचकीत कवच झिजले, ओरखडे पडले, आतला करडा रंग होता तिथेच राहिला. दुकानात चष्मा घालून बघणारी एक चिमुरडी म्हणाली, "मावशी, तुमचा एकच दात झोपलाय का?" सगळे हसले. त्या दिवसापासून मालकीण तोंडावर हात ठेवून हसू लागली आणि पुढे हसायचीच बंद झाली.

त्याच सुमारास धाकट्या दिराचे लग्न ठरले. नवरा म्हणाला, "फोटोत हा दात नको. लोक मला विचारतात. चल, पांढरे करून घेऊ." ज्याने मला काळे केले तोच मला पांढरे करायला निघाला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे तो तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"याला कधी मार लागला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"मार कसला! चहा," तो म्हणाला. "सारखा चहा ढोसते. सांगून सांगून थकलो."

"तुम्ही सांगा," डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या.

तिने त्याच्या हाताकडे पाहिले. "चहाच," ती म्हणाली.

बाहेर गर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यावर विश्वास ठेवला. मला थंड कापूस लावून मी जिवंत आहे की नाही हे तपासले नाही, एक्स-रे फोटोही काढला नाही. हिरड्यांवर संरक्षक लेप, दातांवर औषध, वर निळा दिवा. माझ्या शेजाऱ्यांना कळा आल्या, ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसली. मला काहीच जाणवले नाही. शेजारी उजळले. मी तसाच राहिलो. आधी किंचित पिवळसर ओळीत मी थोडा लपत तरी होतो. आता पांढऱ्या भिंतीवर शाई उडावी तसा दिसू लागलो.

घरी येताच त्याने तिला आरशापुढे उभे केले. मानेला मागून पकडले.

"हे काय आहे? मुद्दाम करून घेतलंस ना? जन्मभर माझ्या तोंडावर मिरवायला?"

"अहो, मी काय केलं? तुम्हीच होता ना तिथे!"

"उलटून बोलतेस?"

त्याने तिचे डोके आरशावर आपटले. आरशाला तडा गेला, तिच्या कपाळाला खोक पडली. मग त्याने हत्यारांच्या पेटीतून पकड काढली, तिला खुर्चीत बसवले आणि गुडघा तिच्या पोटावर रोवला.

"मीच उपटतो. एका दाताने कोणी मरत नाही."

जबडा उघडण्यासाठी त्याने अंगठा आत घातला. पकडीचे लोखंड माझ्यावर खटकन वाजले. मित्रांनो, माझ्यात जीव नव्हता, पण धार होती. खालच्या ओळीने त्याचा अंगठा वर रेटला आणि मी हाडापर्यंत उतरलो. ती सोडेना. तो किंचाळला, तिच्या कानाखाली मारत राहिला, तरी ती सोडेना. पकड जमिनीवर पडली तेव्हाच तिने तोंड उघडले, त्याला ढकलले आणि जिना उतरून अनवाणी पळाली.

दवाखाना बंद होत होता. डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतले आणि हनुवटी वर केली.

"अगं बाई! तोंडातून केवढं रक्त! कुठला दात?"

"ते माझं नाही," ती म्हणाली.

कपाळावर पट्टी बांधून डॉक्टरीणबाईंनी ओठ उचलून मला पाहिले. मग म्हणाल्या, "चहा नव्हता ना?"

"नव्हता. यांनी बाटली फेकून मारली होती. त्याच्या आधीही मारायचे. आज दात उपटणार होते."

तेवढ्यात काचेच्या दारावर धक्के बसू लागले. "बाहेर ये! माझी बायको आहे ती!" काचांचा कारागीर अंगठ्याला फडके गुंडाळून काचेवर लाथा मारत होता. डॉक्टरीणबाईंनी कडी लावली, दाराला खुर्ची टेकवली आणि पोलिसांना फोन केला. काच फुटली. तो आत हात घालून कडी चाचपत असतानाच पोलिस आले. मालकिणीने जे डॉक्टरीणबाईंना सांगितले तेच त्यांना सांगितले. पोलिस त्याला घेऊन गेले.

ताई तिला आपल्या घरी घेऊन गेली. जखमा भरल्यावर ती पुन्हा दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी मला थंड कापूस लावला. मला काही कळले नाही. एक्स-रे फोटोत माझ्या मुळाशी काळी सावली दिसली.

"चूक माझी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. आणि त्यांना बाहेर बसवायला हवं होतं." आता त्या कोणाही नातेवाइकाला खुर्चीजवळ बसू देत नाहीत. कितीही रुबाबदार माणूस असो, आधी बाहेरचे बाकडे.

मग त्यांनी वाटा सांगितल्या. दात कापून वर टोपी बसवता येईल, पण बराच निरोगी भाग जाईल. पुढून पातळ पापुद्रा चिकटवता येईल, पण करडेपणा त्यातून डोकावेल. किंवा मूळ आतून साफ करून बंद करायचे आणि उजळवणारे औषध माझ्या पोटातच भरायचे, थोड्या थोड्या दिवसांनी बदलायचे. रंग पूर्ण जुळेलच याची खात्री नाही, आणि काही वर्षांनी दात पुन्हा थोडा काळवंडूही शकतो.

"तुम्हाला कुठली वाट हवी?" त्यांनी विचारले.

मालकिणीने सवयीने शेजारी पाहिले. तिथे खुर्ची नव्हती.

"आतून करा," ती म्हणाली. "कापू नका याला. यानेच सोडवलंय मला."

मी आता पूर्वीपेक्षा बराच उजळ आहे. अगदी शेजाऱ्यांसारखा नाही. परवा ताईने काहीतरी वात्रट सांगितले आणि मालकीण तोंडावर हात न ठेवता हसली.

मित्रांनो, दात रोज दोनदा मऊ ब्रशने घासा. लिंबू, मीठ, कोळसा यांपासून त्यांना वाचवा. रंग बदलला तर पांढरे करण्याआधी तो का बदलला ते तपासून घ्या आणि डॉक्टरांना खरे सांगा. आणि तुमच्या ओळखीच्या कोणाचा एकच दात करडा पडत असेल, ते माणूस तोंडावर हात ठेवून हसत असेल, तर हसू नका. त्याला एकटे गाठा आणि हळू आवाजात विचारा, काय झालं होतं? पहिल्यांदा ते "चहा" म्हणेल. तुम्ही तिथून उठू नका.