मालकाच्या नावाचा उतार

समुद्रपूरच्या पुढे डांबरी रस्ता थकून मातीत झोपी जातो, तिथून मनकर्णाबाईचं वावर लागतं. तिथली दुपार एवढी सुस्त, की सकाळी मारलेली हाक माणसाला जेवणानंतर ऐकू येते म्हणे. खोटं वाटत असेल तर जाऊन हाक मारून पाहावी.

अशाच एका दुपारी ती धुऱ्याच्या बांधावर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती, तर एक पोरगी मोबाईल समईसारखा पुढे धरून चालत आली. पिपरी मेघेची अंकिता. ही आणि हिच्या मैत्रिणी फुकटात सगळ्यांसाठी नकाशा काढतात. आभाळातून काढलेल्या फोटोवरून घरं, नाला, पांदण तिने घरी बसूनच गिरवलं होतं. आता नावं गोळा करायला पायी निघाली होती, आणि ती चालेल तसतशी मोबाईलमध्ये मुंग्यांसारखी ठिपक्यांची रांग उमटत होती.

"आजी, तुमचं वावर वरून पाहता काय?"

मनकर्णाबाईने पाहिलं आणि ती घारच झाली. खाली हिरवी वांगी, चकाकता नाला, अन् नाल्याच्या उतारावर एक ठिपका. त्याच्यापुढे दोन पांढरे ठिपके.

"अवो माय! हे तं आमचे मालक! गाडी घेऊन उतरून राह्यले!"

मालकाला जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या कोणाला तो शेणाचा ढीग वाटला असता, पण आपले बैल बाई चंद्रावरूनही ओळखती.

"फोटू जुना आहे, आजी," अंकिता हळूच म्हणाली.

"मंग नकाशात राहतीन ना हे?"

"फोटू नाई राहत. त्याच्यावरून आम्ही रेघ काढतो, अन् लोक म्हनतात ते नाव रेघेले देतो. या उताराले काय म्हनता?"

मनकर्णाबाईने बांधलेली जुडी सोडली अन् पुन्हा बांधायला घेतली. उतार मालकाने एकट्याने कुदळीने खोदलेला, गावाने नाव दिलं ते त्यांचंच. अन् पन्नास वर्षांत तिने ते उच्चारलं नव्हतं. पहिलं अक्षरही तोंडात नको म्हणून ती कापसाच्या रुईलाही 'पांढरा माल' म्हणायची.

विहिरीवरून पुतण्या भूपेंद्र ओरडला, "लिवा, भूपेंद्र पॉईंट!"

"काऊन रे मुडद्या, तुह्या बापानं खंदला काय?"

"मंग तू सांग ना, मोठी माय! नाव रिकामं ठेवलं तं मीच भरून टाकीन. मोबाईल माह्याजवळबी हाये."

"भरू शकते तो, आजी," अंकिता म्हणाली. "नकाशा सगळ्याइचा आहे."

मनकर्णाबाई पुन्हा त्या ठिपक्याकडे पाहत बसली. पाहता पाहता बैल हलल्यासारखे वाटले, चाकाचं कुरकुरणंही आलं कानावर. एवढं वरून आभाळाने पाहिलं, अन् खाली नाव भूपेंद्रचं? तिने पदर डोक्यावर ओढला, घसा खाकरला.

"आभाळातून पाह्यलं तं वावर दिसे चंद्राची कोर,
रूपरावचं नाव घेतो, लिवून घे वं पोर!"

नाला म्हणे घटकाभर वाहायचा थांबला. भूपेंद्रने शिट्टी मारली. बाईचे गाल पिकल्या टमाट्यासारखे झाले.

अंकिताने 'रूपरावचा उतार' लिहिलं अन् पाठवून दिलं. मग कुठंतरी दूर एक मशीन नकाशाचे चौकोन नव्याने रंगवायला बसली. इकडे आणखी अकरा जुड्या बांधून होतात तोवर तपकिरी रेघेवर अक्षरं आली, गाडी उतरावी तशी जराशी वाकून.

"आता रस्ता बरोबर दाखवते का पाहू," म्हणत अंकिताने कुठंतरी बोट टेकवलं. मोबाईलमधून एक बाई ठणठणीत आवाजात बोलली, "दोनशे मीटरवर, रूपरावचा उतार, डावीकडे वळा."

मनकर्णाबाई ताडकन उठली. जुड्या सांडल्या.

"लाज नाई, शरम नाई, सरळ नावच घेऊन राह्यली! कोनाची हाये वं हे?"

भूपेंद्र हसता हसता विहिरीत पडायचा वाचला. अंकिता आवाज बंद करायला गेली, तर म्हातारीने तिचा हात धरला. पदर सावरला, कान मोबाईलपाशी नेला.

"राहू दे," ती कुजबुजली. "तिले म्हनाव, अजून एकडाव घे."