माझा चाप दुसरीच्या अंगावर

एनॉस ग्राइंडस्टाफ याने मला घडवले. त्याचा मुलगा टॉलिव्हर याने मला खांद्यावर टाकून डोंगरामागून डोंगर पालथे घातले. टॉलिव्हरचा मुलगा लाफायेट याने मला स्वयंपाकघराच्या दारावर, हरणाच्या शिंगांच्या आधारावर मानाची जागा दिली. आणि लाफायेटचा मुलगा ऑरवल याने त्याच घरात माझा अपमान केला. मित्रांनो, नीट बसा आणि मध्ये बोलू नका. मी ग्राइंडस्टाफ घराण्याची ठासणीची बंदूक आहे. माझे वय विचारण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पूर्व टेनेसीच्या डोंगरात आजही मला ओळखणारी माणसे आहेत, एवढे तुम्हाला पुरे.

माझा जन्म भट्टीत झाला. एनॉसने लोखंडाची पट्टी लाल करून सळईभोवती वळवली, ठोकून ठोकून सांधली आणि नळीच्या आत पिळाच्या रेघा कोरल्या. त्या पिळामुळे गोळी गरगरत जाते आणि वाट सोडत नाही. दस्ता त्याने परसातल्या अक्रोडाचा केला. पितळ नाही, चांदी नाही. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीला चरबी लागते, तिच्यासाठी दस्त्यात एक वाटोळी खाच तेवढी कोरली. मात्र माझा चाप घडवताना त्याने सगळी विद्या पणाला लावली. घोडा, त्याच्या जबड्यातली चकमक, ती जिच्यावर आपटते ती पोलादी झडप, रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, ठेवायची वाटी आणि आतली कमान, या सगळ्याला मिळून आमच्यात चाप म्हणतात. मी त्याला माझे तोंड म्हणते. कमान सुटली, ठिणगी पडली की रंजक पेटायची आणि त्याच क्षणी मी बोलायची. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसे.

त्याच वर्षी एनॉसने आणखी एक बंदूक केली. गिरणीवाल्याच्या घरच्या लग्नासाठी. तिचा दस्ता वाघासारख्या पट्ट्यांच्या मेपलचा, कुशीला पितळी झाकणाची डबी, आणि अंगभर चांदीचे तारे. माप मात्र माझेच. एकाच लाकडी नमुन्यावरून त्याने दोघींच्या चापाची बैठक कोरली. ती वरातीबरोबर घर सोडून गेली तेव्हा मला फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

पुढे टोपीच्या, म्हणजे घोडा आपटताच फुटणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोपीने पेटणाऱ्या, बंदुकांचा काळ आला. चकमक मागे पडली. गिरणीवाल्यांनी ताऱ्यांवालीचा मूळचा चाप काढून फेकला, तिच्या नळीला भोक पाडून टोपीचा चाप बसवला. टॉलिव्हरला लोकांनी तसेच सुचवले, तेव्हा तो म्हणाला, "माझ्या बापाच्या हातच्या कामाला मी हात लावणार नाही." ग्राइंडस्टाफ माणसे तेव्हा अशी होती.

झेल्फा सून म्हणून घरात आली त्या आठवड्यात अंगणात ससाणा उतरला. सासरे लाफायेट उठेपर्यंत तिने मला शिंगांवरून काढले, ठासले आणि ससाणा कुंपणाबाहेर पाडला. लाफायेटने पाइप तोंडातून काढून मुलाला सांगितले, "ऑरवल, ही बंदूक आजपासून हिची. तू लाकडं फोड." तेव्हापासून मी झेल्फाची झाले. तिच्या हाताला पिठाचा आणि ताकाचा वास असे, आणि त्या हाताने माझ्या खाचेत नेहमी ताजी चरबी भरलेली असे.

ऑरवलला वेड लागले ते नंतर. जुन्या डोंगरी कारागिरांच्या बंदुका गोळा करण्याचे वेड. तो खोऱ्याखोऱ्यांतून फिरे, लोकांच्या ओसरीवर तासन्‌तास बसे, आधी पावसाचे बोले, मग तंबाखूचे, आणि उठता उठता विचारी, "तुमच्या आजोबांची बंदूक कुठं असेल हो?" एकेक करून भिंत भरली. त्या बंदुकांचा मला राग नव्हता. त्या पाहुण्या होत्या, मी घरची होते.

मग एके दिवशी झेल्फा बहिणीकडे गेलेली असताना गिरणीवाल्यांच्या पणतवाच्या कणसांच्या कोठारात त्याला ताऱ्यांवाली सापडली. त्या माणसाला पैसे नको होते. त्याला गाय हवी होती. ऑरवलने गोठ्यातली ब्रिंडी सोडली, दोरी त्याच्या हातात दिली आणि ताऱ्यांवालीला तान्ह्या पोरासारखी गोधडीत गुंडाळून घरी आणली.

झेल्फा परत आली. तिने रिकामा गोठा पाहिला, मग भिंत पाहिली.

"ब्रिंडी कुठंय?"

"झेल्फी, आधी हिचे तारे तरी बघ. एनॉस पणजोबांच्या हातचे आहेत!"

"मी गाय विचारतेय."

"दिली. बदल्यात."

झेल्फाने टोपी खुंटीला अडकवली आणि शांतपणे म्हणाली, "मिस्टर ग्राइंडस्टाफ, ती गाय माझ्या आईनं मला दिली होती. तुम्ही मला एक गाय देणं लागता. उद्यापासून तुमचा मक्याचा पाव तुम्ही या बाईच्या नळीत कुस्करून खा."

नवऱ्याला ती मिस्टर म्हणाली की घरातली मांजरसुद्धा बाहेर जाई. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला मक्याचा पाव ताकात कुस्करून खातात. त्या दिवसापासून ऑरवल तो काळ्या कॉफीत बुडवून खाऊ लागला, आणि स्वतःपुरते ताक मागायला भांडे घेऊन झेल्फाला हॉबर्ट टिप्टनच्या बायकोच्या दाराशी जावे लागले. हॉबर्ट हा शेजारी. तोही बंदुका जमवणारा, आणि जिभेचा तिखट.

एवढ्यावर थांबते तर मी सहन केले असते. पण मित्रांनो, संग्राहकांची एक खोड असते. जुनी वस्तू जशी जन्मली तशीच दिसावी, अशी त्यांना तळमळ लागते, आणि त्या तळमळीपायी ते तिलाच बिघडवतात. ताऱ्यांवालीच्या अंगावरचा टोपीचा चाप ऑरवलच्या डोळ्यांत सलू लागला. तिला चकमकीचा चाप हवा होता. एनॉसच्याच हातचा हवा होता. आणि तो कोठे होता?

त्याने मला शिंगांवरून उतरवले, दोन पेच सोडले आणि माझे तोंड काढून घेतले. बैठक एकाच मापाची, त्यामुळे ते तिच्या अंगात चपखल बसले. तिचे जुने भोक बुजवून त्याने नवे पाडले. तिचा उतरलेला टोपीचा चाप माझ्या अंगावर अडकवला, जागा उघडी दिसू नये म्हणून. टोपी फुटावी असे माझ्या नळीला काही नव्हतेच. परक्या तोंडाने मी भिंतीवर मुकी लटकत राहिले.

मत्सर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असे तुम्हाला वाटते. तुमच्या भावाला मोठा लाडू मिळाला म्हणून तुम्ही रुसता. मी सांगते तो मत्सर वेगळा. दूरदूरचे लोक येत, ऑरवल तिला दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरी, आणि ते म्हणत, "तारे छान आहेत, पण हा चाप पाहा! काय घोटला आहे!" तो माझा चाप होता. माझ्या तोंडाची स्तुती तिच्या गालावर उधळली जात होती, आणि ती निर्लज्जपणे चमकत होती. ऑरवल तिला मऊ फडक्याने तेल लावी. त्या फडक्याचा उरलेला ओला कोपराही माझ्याकडे कधी आला नाही. माझ्या खाचेतली चरबी वाळली, तिच्यात मुंगीने घर केले. मी रोज इच्छा करी की तिला गंज चढावा, वाळवी लागावी, तिचे तारे एकेक करून गळावेत.

माझ्याइतकीच जळणारी दुसरी बाई त्या घरात होती. ससाणे कोंबड्या नेत आणि झेल्फा झाडू घेऊन धावे. आत येऊन ती ताऱ्यांवालीकडे पाहून म्हणे, "महाराणी, उठू नका हं. आम्ही आहोत कामाला."

आमच्याकडे शरदात नेमबाजीची जत्रा भरते. पैज पैशांची नसते, जनावराची असते. लाकडाच्या ओंडक्यावर नळी टेकवून, पोटावर पडून, जळक्या फळीवर चाकूने कोरलेल्या फुलीवर बार टाकायचा. जनावराचे मागचे-पुढचे चार फरे म्हणजे चार वाटे, आणि कातडे-चरबी मिळून पाचवा. फुलीच्या सर्वांत जवळच्या पाच गोळ्यांना ते पाच वाटे मिळतात. पाचही गोळ्या एकाच माणसाच्या निघाल्या, तर जनावर कापत नाहीत. ते चालत त्याच्या घरी जाते. असे झालेले पाहिलेली माणसे फार थोडी उरली होती.

ऑरवलने ताऱ्यांवालीला जत्रेत नेले. खटका दाबला. रंजक भुस्सकन पेटली आणि बार मात्र रेंगाळला. नवे भोक वाटीच्या जरासे खाली पडले होते, त्यामुळे आग वळसा घालून आत जात होती. तेवढ्यात ऑरवल दचकला आणि गोळी फळी सोडून मागच्या झाडात गेली.

हॉबर्ट ओरडला, "ऑरवल, तुझी बाई बोलायच्या आधी खाकरते रे!"

लोक पोट धरून हसले. ऑरवलने बंदुकीच्या दारूला दोष दिला, दमट हवेला दिला. तिला दिला नाही. मला मात्र त्या रात्री भिंतीवर छान झोप लागली.

पुढच्या शरदात पैजेला आणलेले जनावर बैल नव्हते. तांबडी, ओल्या नाकाची कालवड होती. झेल्फा तिला आदल्या दिवशी पाहून आली आणि तडक भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"ऑरवल, तिच्या अंगावरचा चाप काढ. माझ्या बंदुकीला परत बसवून दे."

"झेल्फी, पुढच्या आठवड्यात नॅशव्हिलची माणसं हिला बघायला येतायत! बिनचापाची दाखवू?"

"ती कालवड उद्या खाटकाकडे जाईल. मला ती माझ्या गोठ्यात हवी. त्यासाठी पाच गोळ्या लागतात आणि मला बोलणारी बंदूक लागते."

"पाचच्या पाच? तुला सुईत दोरा ओवता येत नाही आता!"

"सुई जवळ असते. फुली लांब असते. लांबचं मला तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं. तुझी ही भवानी माझा गोठा रिकामा करून आली, तेही लांबूनच दिसलं होतं."

ती पुढे म्हणाली, "मिस्टर ग्राइंडस्टाफ, एकतर माझी गाय द्या, नाहीतर चाप द्या. दोन्ही ठेवून घ्याल तर या घरात तुम्ही आणि ती दोघंच जेवाल."

मित्रांनो, त्याने तिचे पेच सोडले. माझे तोंड माझ्या अंगावर बसले आणि कमान पहिल्यांदा कुरकुरली, तेव्हा मी भिंतीवरच्या तिच्याकडे पाहिले. तारे होते, डबी होती, आणि बरोबर मधोमध काळे रिकामे खिंडार. मला दया आली असे म्हणणे शोभले असते. मला दया आली नाही.

जत्रेत झेल्फाने पदराची टोके कमरेला खोचावीत तसे झग्याचे सोगे खोचले आणि ओंडक्यामागे पोटावर पडली. कोणी हसले. कोणी म्हणाले, "झेल्फी मावशी, तिकडं केक विकायला बसायचं ना!"

"तुझ्या बापाला नेम मी शिकवलाय. तोंड मिट," ती म्हणाली, आणि आम्ही बोललो.

पहिली गोळी फुलीच्या कडेला लागली. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी, चौथी झाल्यावर हसणारे पुढे सरकून उभे राहिले. हॉबर्टची एक गोळी मात्र बोटाच्या पेराइतक्या अंतरावर होती. ती मागे टाकणारी पाचवी गोळी हवी होती. झेल्फाने खटका दाबला. घोडा पडला, आणि ठिणगी पडली नाही. चकमक बोथट झाली होती.

नियमाने न उडालेला बार पहिल्यांदा मोजत नाहीत, पण पुन्हा तसेच झाले तर तो वाया गेला असे धरतात. झेल्फाचे बोट चकमकीवर चाचपडले. जवळचे तिला खरेच दिसत नव्हते. तेव्हा ऑरवल गर्दीतून पुढे आला, माझ्यापाशी गुडघ्यावर बसला, चाकूच्या पाठीने अलगद टिचक्या मारत चकमकीला धार आणली आणि आपल्या सदऱ्याच्या बाहीने माझी झडप पुसली. इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा पहिल्यांदाच वागला.

हॉबर्टने वाकून पाहिले. "थांब रे! हा चाप तर तुझ्या ताऱ्यांवालीचा! सगळ्यांना मूळचा म्हणून दाखवलास तो!"

सगळे ऑरवलकडे वळले. डोंगरात माणसाजवळ शब्दाखेरीज फारसे काही नसते, आणि ऑरवलने आपला शब्द त्या चापावर लावलेला होता.

"नाही," ऑरवल म्हणाला. "हा हिचाच. मी हिचा काढून तिला चढवला होता. नॅशव्हिलवाल्यांनाही मीच सांगेन." मग बायकोच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, "झेल्फी, डावीकडून जरा वारा आहे."

"माहितेय मला. सरक," ती म्हणाली.

मी बोलले. दोरीने माप घेतले गेले, दोनदा घेतले गेले. हॉबर्टने स्वतः टोपी काढली आणि कालवडीची दोरी सोडली.

मित्रांनो, एक गोष्ट हुकूम म्हणून ऐका. जुन्या वस्तू जपा, पण एकीचे अवयव तोडून दुसरीला नटवू नका. जी कामाला येते तिला तेल द्या, तिचा गंज पुसा, आणि घरी येणाऱ्यांना तिचेही नाव सांगा. ताऱ्यांवाली अजून भिंतीवर आहे. ऑरवल पाहुण्यांना तिच्यावरचे बुजवलेले भोक दाखवतो आणि हे आपले काम म्हणून सांगतो. मी अजूनही तिच्यावर जळते. जळणे माझ्या लोखंडातच आहे.

त्या संध्याकाळी मात्र मला तिचे भान नव्हते. मी ऑरवलच्या खांद्यावर होते, पुढे झेल्फा आणि तिच्यामागे कालवड चालली होती. गोठ्यात नवा पेंढा ऑरवलने स्वतः पसरला. झेल्फाने ब्रिंडीच्या खुंट्याला दोरीची गाठ मारली, ओढून पाहिली, आणि हात झटकून वळली.

"मिस्टर ग्राइंडस्टाफ," ती म्हणाली, "तुमची माझी फिटंफाट."